महाबळेश्वरच्या दोन रात्री: एका ओल्या खोलीचं प्रकरण

आईनं पलंगावर बसण्याआधी चादर बाजूला केली, गादीवर पालथा हात टेकवला आणि म्हणाली, "ही गार नाहीये रे. ओली आहे."

तिचं माहेर राजापूरकडचं. पावसाळ्यात गोधड्या चुलीवरच्या माळ्यावर ऊब द्यायला टाकायच्या, हे बघत ती वाढली. गारठा आणि ओल यांतला फरक तिला हाताला कळतो. मी मात्र "अगं, महाबळेश्वर आहे, थंड लागणारच" म्हणून मोकळा झालो होतो. खरं तर माझं पोट इमारतींच्या देखभालीवर चालतं. पुण्यातल्या सोसायट्यांची गळती, ड्रेनेज, टाक्या, लिफ्टचे वार्षिक करार, दिवसभर तेच. तरी सुट्टीवर आलो म्हटलं की माणूस डोळे झाकून घेतो.

हे प्रकरण लिहितोय ते राग काढायला नव्हे. राग दुसऱ्याच दिवशी गच्चीवर ओसरला. तिथे जे दिसलं ते माझ्या धंद्यातलं होतं, आणि खोली तशी का होती याचं उत्तर साफसफाईत नव्हतं. लॉजचं नाव देत नाही. दिलं तरी कामाचं नाही, ते का ते ओघात येईल.

आधी ठिकाण

भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी निघालो. मी, बायको, आई आणि मावशी. शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री, दोन खोल्या. पुण्याहून सुरूर फाटा, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी असा नेहमीचा रस्ता.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. पुण्याला सातशेच्या आसपास. म्हणजे आमच्याकडे सात-आठ वर्षांत जितकं पाणी पडतं तितकं तिथे एका वर्षात, आणि तेही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. अठरा-एकोणीस किलोमीटरवरच्या पाचगणीला याच्या निम्माही पाऊस नाही. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं १८२८-२९ च्या सुमाराला हे हवा खायचं ठिकाण वसवलं. त्यानंतरचे जुने बंगले आजही उभे आहेत ते उगाच नाहीत. जांभ्याच्या जाड भिंती, चारी बाजूंनी खोल व्हरांडा, वर उतरतं पत्र्याचं छप्पर. पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताचे, हल्ली प्लास्टिकच्या कापडाचे आडोसे बांधायचे, कारण पाऊस तिथे वरून पडतो त्याहून जास्त आडवा येतो.

आमचा लॉज मात्र सपाट स्लॅबचा. दोन मजले, चौदा खोल्या. हडपसरला किंवा कात्रजला उचलून ठेवला असता तर कुणाला वेगळा वाटला नसता. वर्षाला सहा हजार मिलिमीटर झेलायला सपाट गच्ची बांधायची म्हणजे गच्चीवर दरसाल लक्ष ठेवायची तयारी हवी. ती तिथे नव्हती.

आणखी एक गोष्ट. १७ जानेवारी २००१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील ठरला आणि नव्या बांधकामांवर निर्बंध आले. ते यायलाच हवे होते, त्यावर माझं दुमत नाही. पण त्याचा एक उपपरिणाम असा की जे लॉज आधीपासून उभे आहेत त्यांना दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात गिऱ्हाईक मिळतंच. खोली कशीही असो. भरलेल्या लॉजच्या मालकाला गळकी गच्ची दिसत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. सोसायट्यांचंही तेच आहे म्हणा.

खोली नंबर ७

फोटोत पलंगामागे सुंदर भिंत होती. लाकडी पट्ट्यांची, मधे सोनेरी रेघ. प्रत्यक्षातही ती होती. पीव्हीसीची पॅनेलं. आईचा हात गादीवर टेकला आणि माझा त्या पॅनेलवर. दाबलं तर ते आत गेलं आणि मागून फसकन हवा आली, बंद ट्रंक उघडल्यावर येते तशी. कोपऱ्यातली पट्टी सुटलेलीच होती, बोटानं थोडी ओढली. मागे ऑइल पेंट, त्याला पोपडे, पोपड्यांच्या खाली प्लास्टरला पांढरा लोणा, आणि त्यावर हाताच्या पंजाएवढे काळे बुरशीचे डाग. एक पालही होती. तिची काही तक्रार नसावी.

भिंतीची भाषा वाचायची सवय असेल तर ती पटकन बोलते. ओल खालून, स्कर्टिंगपासून वर चढलेली असेल तर जमिनीतलं पाणी. खिडकीभोवती असेल तर छज्जा किंवा चौकटीची फट. इथे ती छताच्या कोपऱ्यातून खाली उतरली होती, पश्चिमेच्या भिंतीवर, म्हणजे दुखणं गच्चीचं. त्यावर आधी कुणी तरी ऑइल पेंट मारला. ओल्या भिंतीला ऑइल पेंट म्हणजे घाम आलेल्या माणसाला रेनकोट. पाणी बाहेर पडायला जागा नाही, मग पोपडे. पोपडे दिसायला लागल्यावर पॅनेल. पॅनेल लावून खोलीचा दर वाढला असेल, यात मला शंका नाही.

बाथरूमचं दार उघडल्यावर गटाराचा वास. मावशी नाकाला पदर लावून म्हणाली, "इथे काही तरी मेलंय." मेलं काही नव्हतं. बाथरूमच्या कोपऱ्यातल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात दोन-तीन इंच पाणी कायम साठून राहतं आणि ते पाणीच गटाराच्या हवेला अडवतं. खोली बरेच दिवस बंद राहिली की ते पाणी वाळतं आणि वासाला रस्ता मोकळा होतो. मी तांब्याभर पाणी जाळीत ओतलं, पंधरा मिनिटांत वास निम्म्याहून कमी झाला. एक तांब्या पाणी, बस. आम्ही येण्याआधी या खोलीत कुणी नळसुद्धा सोडून पाहिला नव्हता, हे मला तिथे कळलं.

इथवरचं सगळं मी गिळलं असतं. दोन रात्रींचा प्रश्न, दिवसभर बाहेरच फिरायचं. पण गीझर.

बायको हात धुवायला गेली आणि नळाला बोट लागताच मागे सरकली. "मुंग्या आल्यासारखं झालं." गाडीच्या डिकीत माझा टेस्टर असतो. आणून नळाला लावला, तर आतला दिवा लागला. मिणमिणता, पण लागला. गीझर चालू, बंद, परत चालू करून पाहिला. चालू असला की दिवा लागायचा. म्हणजे कॉइल कुठे तरी फुटलेली, अर्थिंगचा पत्ता नाही. पॅसेजमधला बोर्ड उघडून पाहिला, एमसीबी रांगेत बसवलेले, पण आरसीसीबी नव्हता. हा फरक लोकांना माहीत नसतो म्हणून थोडं थांबतो. एमसीबी वायर वाचवतो, जादा करंट गेला की पडतो. माणसाला झटका बसायला एवढासा करंट पुरतो की एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी, गळणारा करंट तीस मिलिअँपिअरच्या आसपास गेला की तो सेकंदाच्या अंशात लाईन तोडतो. ओल्या भिंती, ओली फरशी, अर्थिंग नाही, आरसीसीबी नाही, आणि त्या बाथरूममध्ये सकाळी बहात्तर वर्षांची बाई अनवाणी अंघोळीला जाणार.

मी त्या खोलीचा एमसीबी पाडला, त्याला चिकटपट्टी लावली आणि खाली गेलो.

काउंटरवर एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा, पोलादपूरकडचा. सगळे त्याला मॅनेजर म्हणत होते. तो घाबरला, पण उद्धट नव्हता. "काका, दुसरी रूम नाहीये हो. सगळं फुल्ल आहे. आजींना गरम पाणी मी किचनमधून बादलीनं आणून देतो." आणि दोन्ही दिवस त्यानं ते आणून दिलं, सकाळी साडेसहाला, न सांगता. आई-मावशीला आम्ही ९ नंबरमध्ये हलवलं, ती खोली त्यातल्या त्यात बरी होती. ७ मध्ये मी आणि बायको, सतरंजी आणि गाडीतली चादर टाकून.

गच्चीवर

शनिवारी सकाळी चांगलं ऊन होतं. मी पोराला म्हटलं, गादी वर नेऊ, दुपारपर्यंत वाळेल. दोघांनी मिळून ती जिन्यातून चढवली. कॉयरची गादी इतकी जड कधीच नसते.

गच्चीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांवर केलेला सिमेंटचा थर, जागोजागी तडकलेला, तडांत शेवाळ, एका ठिकाणी तर पिंपळाचं रोप चांगलं वीतभर वाढलेलं. कठड्याला लागून जो वाटा असतो, म्हणजे गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, ती पश्चिमेकडे उखडून गेली होती. तिथूनच पाणी भिंतीत शिरत होतं, नेमकं ७ नंबरच्या डोक्यावर. पावसाचं पाणी जायच्या दोन तोंडांपैकी एक पाल्यापाचोळ्यानं गच्च. मी हातानं काढायला लागलो तर पोरगा म्हणाला, "काका, राहू द्या, तुम्ही गिऱ्हाईक आहात." मग तोही बसला. ओंजळी-ओंजळीनं काळा चिखल काढता काढता तो बोलायला लागला.

लॉज मालक चालवत नाही. मालक पुण्यात. दर वर्षी तो सीझनवर चालवायला देतो. पावसाळा संपला की कोणी तरी ठेकेदार ठरावीक रक्कम आधी मोजून किल्ल्या घेतो, दिवाळी, नाताळ, मे करतो आणि जूनच्या पहिल्या पावसात किल्ल्या परत. पावसाळ्यात लॉज बंद. यंदाच्या ठेकेदाराला किल्ल्या मिळाल्या त्या वसुबारसेच्या दोन दिवस आधी. चौदा खोल्या, माणसं तीन. चार महिने बंद असलेल्या इमारतीत त्यांनी काय केलं असेल? नव्या चादरी आणल्या आणि रूम फ्रेशनर मारला.

"गाद्या उन्हात टाकल्या नाहीत?"

"वेळच नव्हता काका. आणि मालक म्हणतो गाद्या ठेकेदाराच्या, ठेकेदार म्हणतो गाद्या मालकाच्या."

गच्चीचंही तसंच असणार, हे मी न विचारता ओळखलं. ठेकेदाराचा जीव आठ महिन्यांचा. आधी मोजलेले पैसे तीन गर्दीच्या हंगामांत वसूल करायचे आणि पुढच्या वर्षी लॉज त्याच्याकडे असेल याची खात्री नाही. तो गच्चीवर दोन लाख का घालेल? पॅनेल लावेल, पॅनेल फोटोत दिसतं. मालकाला रक्कम आधीच मिळालेली, ७ नंबरमध्ये कोण झोपतं याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि ज्याला ते दिसतं, तो पोरगा, त्याच्या हातात बादली सोडून काही नाही. आमच्याकडे भाड्यानं दिलेल्या फ्लॅट्सच्या सोसायट्या हुबेहूब अशाच सडतात. भाडेकरूला खर्चायचं नसतं, मालक अमेरिकेत असतो.

लोक म्हणतात स्टाफ आळशी. मी त्या पोराला दोन दिवस पाहिलं. सकाळी साडेसहापासून रात्री बारापर्यंत तो पायावर होता.

दुपारी गादी बाहेरून वाळली. आतून नाही. ऑक्टोबरच्या एका उन्हानं चार महिन्यांचं पाणी निघत नाही.

तीन नावं

रविवारी निघताना बिल. खोलीचा दर ३,८००, दोन खोल्या, दोन रात्री, १५,२००. त्यावर बारा टक्के जीएसटी म्हणून १,८२४. एकूण १७,०२४. चार हजार आधी पाठवलेले, उरलेले १३,०२४.

इथे मी चष्मा काढून परत लावला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. म्हणजे कर लावायचाच तर ७६० रुपये. आणि कागद पाहिला तर कच्ची पावती, तिच्यावर जीएसटी नंबरच नाही. नंबर नसेल तर कराच्या नावानं एक रुपयाही घेता येत नाही.

मग मी फोनमधला जुना व्यवहार काढला. आगाऊ चार हजार एका नावावर गेले होते. काउंटरवरचा क्यूआर कोड दुसऱ्याच नावाचा. आणि दारावरच्या पाटीवर लॉजच्या नावाखाली तिसरं आडनाव. तक्रार करायची तर कुणाविरुद्ध? पाटीवरचा माणूस म्हणेल मी चालवत नाही. पैसे घेणारा म्हणेल मी फक्त बुकिंग घेतो. पुढच्या वर्षी पाटी तीच, क्यूआर तिसराच. म्हणून वर म्हटलं, लॉजचं नाव देऊन उपयोग नाही. यंदाचा ठेकेदार मे महिन्यानंतर दुसरा लॉज घेईल.

मी पैसे दिले. पोराशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पावतीचा, बोर्डचा, पॅनेलच्या मागचा आणि पेटलेल्या टेस्टरचा फोटो मात्र घेतला.

आमचीही चूक होती, ती सांगायला हवी. फोटो पाहून फोनवर ठरवलं, "खोली शेवटची कधी उघडली होती" हे विचारलं नाही, आणि पोचल्यावर सही करण्याआधी खोली पाहिली नाही. अंधार पडला होता, आईचे गुडघे दुखत होते. सगळ्यांचं असंच होतं.

पुढचे फोन

सोमवारी ठेकेदाराला फोन. मागण्या तीन: कराच्या नावानं घेतलेले १,८२४ परत, ७ नंबरचं एका रात्रीचं भाडं ३,८०० परत, आणि गीझर दुरुस्त होईपर्यंत ती खोली कुणाला द्यायची नाही.

"साहेब, सीझन आहे, समजून घ्या ना. आम्हाला पण वर पैसे भरायचेत."

मी म्हटलं, ठीक आहे, पण पावतीवर जीएसटी नंबर नाही, तो तेवढा पाठवा. फोन तिथेच संपला. मंगळवारी सकाळी १,८२४ रुपये खात्यात, सोबत मजकूर काही नाही. ३,८०० चं नाव त्यानंतर त्यानं कधीच काढलं नाही. आईच्या ओल्या गादीला तो घाबरला नाही, जीएसटीला घाबरला.

ग्राहक आयोगात गेलो असतो तर? रस्ता वाटतो तितका अवघड नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, साताऱ्याला खेटे घालावे लागत नाहीत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरून भरता येते, आणि त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवून बघता येतं. वकील लागतोच असं नाही. मी १९१५ वर नोंदवली. पुढे गेलो नाही, कारण समोर नक्की कोणाला उभं करायचं हे ठरवण्यातच माझे दोन शनिवार गेले असते. ज्याच्याकडे पक्कं बिल आणि पाटी-पावतीवर एकच नाव आहे, त्यानं जरूर जावं.

गीझरचं मात्र मी सोडलं नाही. पोराला रोज मेसेज. चौथ्या दिवशी त्यानं फोटो पाठवला, नवा गीझर, आणि बोर्डात एक आरसीसीबी. एकच, ७ नंबरपुरता. खाली लिहिलं होतं, "काका झालं." बाकी तेरा खोल्यांचं मी विचारलं, तर हात जोडल्याची खूण आली.

मालकाचा नंबर लॉजशेजारच्या चणे-चिक्कीवाल्याकडून निघताना घेऊन ठेवला होता. आठवड्याभरानं केला. गृहस्थ बोलायला चांगले. मी तक्रारीचा सूर लावलाच नाही. गच्चीचं वर्णन केलं, वाटा कुठे उखडलाय, कोबा कुठे तडकलाय, पाणी कुठून कुठे उतरतंय. ते ऐकत होते. मग म्हणाले, "अहो, तुम्ही या लाईनमधलेच दिसता. एस्टिमेट पाठवा की."

पाठवलं. मनापासून केलं होतं. पश्चिमेचा वाटा नव्यानं, तडकलेला कोबा काढून नवा, पाण्याची दोन्ही तोंडं मोठी करून जाळ्या, गच्चीवर पाणी कोंडून दोन दिवसांची चाचणी, आणि पॅनेलं काढून भिंती उघड्या ठेवून वाळवणं. दोन लाख दहा हजार. खाली हिशेबही मांडला: चौदा खोल्या, ३,८०० दर, दिवाळीच्या चार भरलेल्या रात्री म्हणजे २,१२,८००. काम कधी करायचं तेही लिहिलं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च अखेर, परीक्षांमुळे गर्दी नसते, ऊन कडक असतं, भिंती वाळतात. एकेक बाजू घेतली तर लॉज पूर्ण बंदही ठेवावा लागत नाही.

तीन दिवसांनी फोन आला. "एस्टिमेट मिळालं. व्यवस्थित आहे, आवडलं मला. पण आत्ता दुसऱ्याच्या ताब्यात आहे ना सगळं. एकदा सीझन संपू द्या, जूनमध्ये करून टाकू."